मुठीवरचा तुमचा हात

मल्लप्पाकाका, आज सकाळी कारखान्यात गेले तर गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. कुणी तशी लावली कोण जाणे. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "रुसलीया." मी म्हणाले असते, "गाड्या रुसत नाहीत काका, त्यांचं चार्जिंग संपतं." आणि मग तुम्ही माझ्याकडे असं बघितलं असतं की चार्जिंग माझंच संपलंय.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी मनातल्या मनात तुमच्याशी जितकं भांडले, तितकं तुम्ही होता तेव्हाही भांडले नसेन. तेव्हा आपल्या भांडणाला वेळ ठरलेली होती, दुपारच्या सुट्टीची. आता मोकळं रान आहे. भाजी निवडताना भांडते, रिक्षात भांडते, दात घासताना भांडते. तुम्ही उत्तर देत नाही, त्यामुळे प्रत्येक भांडण मीच जिंकते. असलं जिंकणं काय चाटायचंय?

सोमवारी गाडीची मूठ ओतायला द्यायची आहे. शेठचे दोन फोन येऊन गेले, "मॅडम, एकदाचं काय ते फायनल करा." एकदा साचा झाला की कारखान्यातल्या सगळ्या गाड्यांना तीच मूठ बसणार, आणि ती कुणाच्या हातात बसते आणि कुणाच्या नाही, हे कायमचं ठरणार. माझ्या टेबलावर दोन मुठी पडल्या आहेत. एक बोटांनी दाबायच्या पट्टीवाली, एक बिनपट्टीची. तुम्ही कुठल्या बाजूचे होता हे सांगायला नको. पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. हे सगळं लिहायला बसले ती खरं तर तेवढ्यासाठीच. जरा दम धरा, येते तिकडे. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचात.

पहिला दिवस आठवतो? होटगी रोडच्या माझ्या एवढ्याशा वर्कशॉपमधून मी मोठ्या ऐटीत गाडी घेऊन आले होते. चाकांच्या कडेनं लाटण्यासारखे छोटे रूळ तिरपे बसवलेले, त्यामुळे ती पुढे-मागे जाते, आडवी जाते, तिरकी जाते, जागच्या जागी फिरते. दांडीत सेन्सर. हातानं जरासा जोर दिला की माणसाला कुठे जायचंय ते गाडीला कळतं, आणि उरलेला जोर मोटर लावते. तुमच्या टॉवेलच्या मागांवर चढवायचं बीम म्हणजे हजारो धागे गुंडाळलेला लोखंडी रूळ, चार जणांनाही उचलत नाही असला. आणि दोन मागांमधली वाट जेमतेम गाडीएवढी. अशा ठिकाणी आडवी चालणारी गाडी म्हणजे लोक मला डोक्यावर घेतील, असं मी धरून चालले होते.

तीस वर्षं बीम वाहणारा माणूस म्हणून शेठनं तुम्हाला पुढे केलं. मी म्हणाले, "दोन्ही हातांनी दांडी धरा काका, आणि हलकेच ढकला." तुम्ही "व्हय" म्हणालात, गाडीकडे पाठ केली आणि दांडीला कंबर लावली. गाडी गर्रकन फिरली आणि माझ्याच पायावर आली.

मी केवढी ओरडले! तुम्ही शांतपणे म्हणालात, "तीस वरसं कमरेनंच ढकलतोय की. हात बीमवर लागत्यात. न्हायतर सूत घासतंय, तुटतंय." आणि दोन्ही तळवे बीमवर ठेवून दाखवलेत. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तुमच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नाहीत. जुन्या गिरणीत गेली, असं नंतर कुणाकडून तरी कळलं. तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत.

त्या रात्री मला राग आला होता तो तुमचा नव्हता. सहा महिने मी माणसाच्या हाताचा विचार केला होता, आणि तो हात मोकळाच नसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

मग आपलं सुरू झालं. मी दांडी बदलून आणायची, तुम्ही नाक मुरडायचं. दांडी आडवी होती तेव्हा बाजूला ढकलायला गेलं की गाडी वळायची, आणि वळवायला गेलं की बाजूला सरकायची. मी आकडेमोड करून डोकं पिकवून घेतलं. एक दिवस तुम्ही कडक भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "अव्वा, रुमणं बगितलंस का कदी?"

अव्वा म्हणजे कन्नडमध्ये आई, लेकीला लाडानं म्हणावं तसं तुम्ही मला म्हणायचात. मी मोहोळची. रुमणं म्हणजे नांगराची मूठ, उभी, एका हातात धरायची, एवढं मला माहीत होतं. पण ते बघितलं असं म्हणायला धजले नाही, कारण तुमची पुढची परीक्षा मला ठाऊक होती.

"एका हातात रुमणं, दुसऱ्यात कासरा," तुम्ही म्हणालात. "हात ठेवायचा, दाबायचा न्हाय. दाबलं की नांगर रुततो. बाजूला जायचं तर हात बाजूला. फिरायचं तर मनगट फिरव. आनि सगळ्यात म्हत्त्वाचं, निधान." निधान, म्हणजे हळू. तुम्ही बीमशी बोलताना कन्नडमध्ये बोलायचात, माझ्याशी मराठीत, आणि दोन्हीकडे हा एकच शब्द वापरायचात.

तुम्ही बाभळीच्या लाकडाची उभी मूठ घडवून आणलीत. त्याच हातानं, तीन बोटांनी. कमरेच्या उंचीला ती बसवली, आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. एक हात मुठीवर, एक बीमवर. तुम्ही दोन मागांच्या मधून तिला आडवी नेलीत आणि कुठे म्हणून धक्का लागला नाही. मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून लक्ष्मीअक्कानं मागावरूनच हात वर करून बोटं नाचवली. "लई भारी" हे तिथे असंच म्हणतात.

त्याच दिवसांत तुम्ही मला तुमचं स्वप्न सांगितलंत. मैंदर्गीच्या शेतात ज्वारी उभी आहे, आणि गाडी ज्वारीतनं आडवी चाललीय, एक ताट मोडत नाही. "मी मागं हुतो का?" तुम्हीच विचारलंत, आणि तुम्हीच म्हणालात, "आठवत न्हाय बग." गंमत म्हणजे आता ते स्वप्न मलाच पडतं. दोनदा पडलं. त्यात ऊन असतं पण उकडत नाही, मागांचा आवाज असतो पण फार लांबून, आणि गाडी ज्वारीच्या कणसांच्या मधून सरकत माझ्याकडे येते. मागे कोण आहे ते बघायला मी मान लांब करते आणि जाग येते. मला तुमचं स्वप्न नको होतं काका. माझी आहेत तीच मला पुरे होती.

मग हातांची मापं. मुठीचा आकार सगळ्यांच्या हाताला बसायला हवा, म्हणून हातांचे ठसे घ्यायचे ठरलं. मी महागाची माती मागवणार होते. तुमच्या घरी हे बोलणं निघालं तेव्हा शांताकाकू, तुमच्या घरच्या, म्हणाल्या, "कणकीत घ्या की." मी ज्वारीचं पीठ आणलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "ज्वारीचं तुटतंय बाई, गव्हाचं मळा. इंजिनेर हाय म्हनं!" मग नऊ जणांनी दुपारच्या सुट्टीत रांगेनं कणकेचा गोळा मुठीत दाबला. रफिकभाई म्हणाले, "इसकी रोटी कौन खाएगा?" तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही डावा हात पुढे केलात. मी म्हणाले, "उजवा द्या, काम त्यानंच करता ना." तुम्ही दिलात. दोन बोटांच्या जागी कणीक तशीच फुगीर राहिली.

त्या ठशांचं पुढे काय झालं ते सांगते. आधी खंडेनवमी.

त्या दिवशी माग बंद. धुऊन पुसून हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचे हार घातलेले. गाडीची पूजा तुमच्याकडे होती. आता कुणी शहरातला माणूस असता तर त्यानं रिकाम्या, बंद गाडीला हार घातला असता आणि प्रसाद खाऊन घरी गेला असता. पण तुम्ही! रिकामी गाडी पूजेला कशी बसवायची, म्हणून तिच्यावर भरलेलं बीम चढवलंत. आणि देवापुढं दिवा हवा, हिचा दिवा म्हणजे मुठीवरचा हिरवा लाइट, तो विझलेला कसा चालेल, म्हणून ती चालू केलीत. वर बोटभर जाडीचा, ओला, जड हार मुठीच्या एका अंगाला अडकवलात.

मुठीला वाटलं, हात आला.

नारळ फुटला, सगळे आरतीला पुढे गेले, आणि मागे गाडी निघाली. घाई नाही, गडबड नाही. तिरकी, हार सांभाळत, दोन मागांच्या मधून. कुणीतरी वळून बघितलं आणि हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. रफिकभाई ओरडले, "अरे, गाडी चली! अपने आप चली!" क्षणभर मीही बघत राहिले. खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर मी काही बनवलंय असं मला कधी वाटलं नव्हतं. मग दिसलं की वाटेच्या टोकाला लक्ष्मीअक्का पाठ करून जमिनीवर बसलीय, मांडीवर प्रसादाचं ताट.

मी गाडी थांबवायच्या लाल बटणाकडे धावले, तर ते पलीकडच्या बाजूला. तुम्ही गाडीला अडवलं नाहीत, ढकललं नाहीत. नुसता हार काढून घेतलात. गाडी थांबली. अक्काच्या पाठीपासून वीतभर अंतर होतं. तिला काही कळलंच नव्हतं, ती म्हणाली, "हार मला देतायत काय?"

सगळे हसले. मी मात्र आधी गाडी बंद केली.

दसरा झाल्यावर मी पट्टी आणली. मुठीला स्प्रिंगची पट्टी, मोटरसायकलच्या क्लचसारखी. ती बोटांनी दाबून धरली तरच गाडी हलणार. सोडली की थांबणार. हार काय, कुणी दगड टांगला तरी हलणार नाही.

"हार काडला की थांबली की," तुम्ही म्हणालात. "गाडीचं काय चुकलं?"

"उद्या कुणी टॉवेल वाळत टाकला तर? दर वेळी तुम्ही धावणार का?"

"धावतो की."

"आणि तुम्ही नसलात तर?"

हे मी बोलले. असंच, भांडणाच्या भरात. तुम्ही म्हणालात, "ते बी खरंय." आणि पट्टी दाबून बघितलीत. अनामिका आणि करंगळीनं. तुमच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही.

पंधरा दिवसांनी मला दिसलं की पट्टी दाबून सुतानं बांधून टाकलेली आहे. विणकरांची ती चपटी, पक्की गाठ, कातरीशिवाय न सुटणारी. मी विचारलंसुद्धा नाही कुणाचं काम. सगळ्यांच्या देखत, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून मी बोलले, "काका, उद्या कुणी मेलं तर कोण जबाबदार? तीस वर्षं काम केलं म्हणजे अक्कल येते असं नाही." शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. पण माझी जीभ काय, तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही गाठीला दात लावलेत. दातांनी सोडवलीत. म्हणालात, "तुझं बरोबर हाय, अव्वा. गाडी सगळ्यांची हाय." आणि जुनी ट्रॉली ओढत घेऊन गेलात. त्यानंतर तुम्ही गाडीला हात लावला नाहीत. मी रोज ठरवायचे, आज बोलते. रोज काहीतरी निघायचं. अकराव्या दिवशी रफिकभाईंचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता तुम्ही कलंडलात म्हणे, काही त्रास झाला नाही.

मैंदर्गीला तुम्हाला माती दिली तेव्हा मी आले होते. तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे कपाळावर भस्म लावून तुम्हाला बसवलं होतं, आणि हात मांडीवर ठेवले होते. मी दुसरीकडे कुठेच बघू शकले नाही.

आता ती गोष्ट. ज्या नऊ हातांचे ठसे घेतले, त्यांची मापं मी वहीत लिहिली. कुणाचा तळवा किती रुंद, कुठल्या बोटाचा जोर किती. सगळ्यांची सरासरी काढून मूठ करायची होती. आणि तुमचा हात धरला की सरासरी बिघडत होती. म्हणून मी तुमच्या नावावर आडवी रेघ मारली. आठ हातांची मूठ केली. पट्टीसुद्धा त्या आठ हातांची. ज्या माणसानं मला मूठ म्हणजे काय ते शिकवलं, त्याचा हात मी फूटपट्टी घेऊन, पेन्सिलीनं, नीट सरळ रेघ मारून खोडला. पट्टी तुम्हाला दाबता येत नसेल हे मला कळायला हवं होतं. कळलंच होतं काका. मी त्याच्याकडे बघितलं नाही, एवढंच.

हे तुम्हाला सांगायचं राहिलं म्हणून पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी गेले आणि शांताकाकूंना सांगून टाकलं. तिथेच, दारात, चप्पल काढायच्या आधी. काकू म्हणाल्या, "आत तरी ये." मग पाणी दिलं. मग म्हणाल्या, "ह्यांना ठावं हुतं की. वही उगडीच पडली हुती म्हनं, चहाच्या टायमाला."

मी विचारलं, "मग ते काही बोलले का नाहीत?"

"मला बोलले. म्हनले, अव्वानं बरोबर केलं. माज्या हातावर मूठ केली असती तर सगळ्यांचीच पंचाईत. बोटं गेली ती माजी, त्यात लोकांचा काय गुन्हा?"

काका, असं कसं हो? तुम्ही एवढ्या-तेवढ्यावरून माझ्याशी हुज्जत घातलीत. चहात साखर जास्त यावरून घातलीत, चाकांना गाडीचे पाय म्हणायचं की नाही यावरून घातलीत. आणि जिथे भांडायचं तिथे माझी बाजू घेऊन मोकळे? तुमची बाजू कोण घेणार होतं मग? घरी येताना रिक्षात मी रडले आणि शिव्याही दिल्या. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि गाणं बंद केलं.

घरी येऊन वही काढली. नऊ हात परत बघितले. लक्ष्मीअक्कानं लहानपणापासून विड्या वळल्या, तिचा अंगठा आता सरळ होत नाही. रफिकभाईंचा तळवा भाजलेला, एका बाजूनं ताठ. एकीला संधिवात. एकाचं मनगट मोडून वाकडं जुळलेलं. हे सगळे मी सरासरीत धरले होते, कारण त्यांची बोटं पाच भरत होती. आणि सरासरी काढून जो हात आला, तो कारखान्यात कुणाच्याच खांद्याला नव्हता. तुम्ही चुकलात काका. तुमच्या हातावर मूठ केली असती तर कुणाचीच पंचाईत झाली नसती. हे मी जिंकलेलं भांडण नाही, हे आपण दोघं हरलो.

पण हाराचं काय करायचं? पट्टी काढली की तो प्रश्न परत उभा. मुठीवर आहे तो हात की हार, हे गाडीला कळायचं कसं?

मी जुन्या चाचण्यांच्या नोंदी काढून बसले. मुठीवर पडलेला जोर संगणकावर रेघेसारखा दिसतो. तुमची अर्ध्या तासाची एक नोंद होती, बीमच्या खोलीपासून शेवटच्या मागापर्यंत. तुमच्या हाताची रेघ बारीक थरथरत होती. ही थरथर मला नवी नव्हती. सुरुवातीपासून मी ती गाळत आले होते, चहातून चोथा गाळावा तशी, म्हणजे गाडी गुळगुळीत चालेल. तुमचा हात कापायचा हे मला माहीत होतं. बशीत चहा सांडायचा म्हणून तुम्ही कप दोन्ही हातांनी धरायचात आणि म्हणायचात, थंडी लई हाय. भर मे महिन्यात.

मग मी बाकीच्यांच्या नोंदी बघितल्या, न गाळता. रफिकभाईंचा हात थरथरत होता. अक्काचा थरथरत होता. माझा स्वतःचासुद्धा, अगदी बारीक. मुठीवर दगडासारखा स्थिर राहणारा जिवंत हात मला एकही सापडला नाही. हार लटकतो, झुलतो, पण असा थरथरत नाही.

चार दिवस मी वर्कशॉपमध्येच होते. पट्टी काढून टाकली, गाळणी काढून टाकली. आता मूठ आधी थरथर शोधते. ती असेल तरच हलते. तळवा ठेवा, मनगट टेकवा, तीन बोटांनी धरा, चालेल. लाल बटण ठेवलंय, आणि ते दोन्ही बाजूंना ठेवलंय. मग मुठीला ओला टॉवेल टांगला, डब्याची पिशवी टांगली, मंडईतून जड हार आणून पंख्याच्या वाऱ्यात टांगला. गाडी ढिम्म. आठही जणांनी धरून बघितली, चालली. राहिला तुमचा हात. तो ओळखला तरच ही मूठ सोमवारी द्यायची, नाहीतर पट्टीवाली, असं मी स्वतःला बजावलं होतं. कारण नुसतं तुमच्या आठवणीखातर मी अक्काच्या पाठीवर गाडी सोडणार नव्हते. तुम्हीही सोडू दिली नसतीत.

आज कारखान्याला सुट्टी. माग बंद, वरच्या काचांतून ऊन खाली आलेलं आणि त्यात सुताची धूळ तरंगत होती. गाडीवर बीम चढवून ठेवलं होतं. मुठीची वायर काढून त्या जागी मी तुमची नोंद जोडत होते, तेवढ्यात शांताकाकू आल्या. कपाटातलं तुमचं सामान न्यायला. तुमची चप्पल, एक सदरा, चष्म्याची डबी. इतक्या वर्षांत त्या आत आल्या नव्हत्या म्हणे. मागांकडे बघत म्हणाल्या, "केवडं हाय की!" मग म्हणाल्या, "ती गाडी कुटली? ह्ये लई बोलायचे तिच्याबद्दल. दाकव की."

मी सांगितलं, काकांच्या हाताची नोंद आहे, ती लावून बघतेय, गाडी ओळखते का. त्यांना किती समजलं देव जाणे. त्या बाजूला उभ्या राहिल्या. मी एका हातात लाल बटणाची वायर धरली आणि दुसऱ्या हातानं नोंद लावली.

काही झालं नाही. एक, दोन, तीन.

मग गाडी निघाली.

मुठीवर कुणी नाही, आणि गाडी निधान, निधान चाललेली. वळताना आधी जराशी मागे येऊन. ते तुमचंच होतं, दुसरं कुणी तसं करत नाही. दुसऱ्या मागापाशी ती बाजूला सरकली, कुणाला तरी वाट दिली. पुढे गेली, आणि वाटेच्या मध्येच थांबली.

"ही अशी मध्येच थांबते," मी म्हणाले. "तिथे काहीच नव्हतं. नोंदीत चूक असेल."

"चूक न्हाय," काकू म्हणाल्या. "गुडगा. ह्यांचा डावा गुडगा. बाजारात बी असंच थांबायचे. आनि दुकानात काय तरी बगतोय असं सोंग करायचे. बांगड्यांच्या दुकानापुडं बी."

आम्ही दोघी हसलो. गाडी तिथेच थांबून होती. मग निघाली. आणखी एकदा थांबली, आणखी एकदा निघाली, आणि शेवटच्या मागापाशी जाऊन उभी राहिली. तुम्ही तिथे हात काढला होतात.

मी म्हणाले, "काकू, ओळखलं. हीच मूठ जाणार." त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी विचारलं, "संपलं?"

"हो."

"पुन्यांदा लाव की."

मी गाडी आणून पहिल्या जागी उभी केली आणि परत लावली. या वेळी काकू बाजूला थांबल्या नाहीत. पदर खोचून गाडीच्या शेजारून चालू लागल्या, आणि गाडी थांबली तिथे त्याही थांबल्या.